बटण, बटण, बटण : स्क्रीन रीडरवर गाण्यांची ॲप कशी हाताळायची

“बटण. बटण. निवडलेलं, बटण. सदतीस टक्के. बटण.”

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी सोय, नुकताच शिकलेल्या माणसाने गाण्याचं ॲप उघडलं की प्लेअरच्या पडद्यावर बऱ्याचदा असलंच काहीतरी ऐकू येतं. यातलं गाणं थांबवायचं बटण कुठलं, पुढच्या गाण्याचं कुठलं, आणि ते सदतीस टक्के कशाचे? बॅटरीचे, आवाजाचे की गाण्याचे?

माझ्या ओळखीचे एक काका आहेत. सत्तरीला टेकलेत, काचबिंदूने नजर गेली ती अलीकडेच. मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला, टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर चालू करून दिला आणि कीर्तनं ऐकायला एक ॲप टाकून दिलं. आठवड्याने काका मला म्हणाले, “माझ्या बोटांना हे जमत नाही रे. आपला रेडिओच बरा.” मी त्यांचा फोन घेऊन पाहिला, तर प्लेअरवरच्या सात बटणांपैकी चारांना नावच दिलेलं नव्हतं. बोटं बिचारी बरोबर जागी जात होती.

म्हणून काही अडलं की आधी दोष कुठे आहे ते ओळखायचं. जागा तीनच असतात. एक, फोनची सेटिंग. दोन, स्क्रीन रीडर, म्हणजे अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, संगणकावर एनव्हीडीए वगैरे. तीन, खुद्द ॲप. पहिल्या दोन आपल्या हातात असतात. तिसरी नसते, तिथे वळसा घालून जावं लागतं. माझा स्वतःचा नियम साधा आहे: ॲपच्या पडद्यावर कमीत कमी वेळ घालवायचा. गाणं शोधायला आत जायचं, लावायचं आणि बाहेर पडायचं. थांबवणं, पुढे जाणं, मागे येणं ही कामं पडद्याबाहेरूनच करायची. ती कशी, तेच पुढे सांगतो. डावी-उजवीकडे स्वाइप करणं आणि डबल टॅप करणं एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी दोन आवाजांचं भांडण मिटवा

गाणं सुरू झालं की त्याखाली स्क्रीन रीडरचा आवाज बुडतो. पुढे काय आहे ते ऐकू येत नाही, मग माणूस अंदाजाने टॅप करत सुटतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. नवख्यांच्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात. तेव्हा पहिलं गाणं लावण्याआधीच हे करून ठेवा.

अँड्रॉइडवर स्क्रीन रीडरचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगवेगळा ठेवता येतो. पडद्यावर बोट फिरवत टॉकबॅकला बोलतं ठेवा आणि तो बोलत असतानाच आवाजाचं बटण दाबा. त्याने टॉकबॅकचाच आवाज कमी-जास्त होतो. टॉकबॅक गप्प आणि गाणं चालू असताना तेच बटण दाबलं तर गाण्याचा. शिवाय टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डकिंग’ नावाची सोय मिळते. ती चालू असली की टॉकबॅक बोलताना गाणं आपणहून हळू होतं, बोलणं संपलं की पुन्हा वर येतं. आयफोनवर हीच सोय व्हॉइसओव्हरच्या ऑडिओ विभागात आहे. तिथे रोटरमध्ये, म्हणजे दोन बोटं पडद्यावर नळाची चावी फिरवल्यासारखी फिरवून जी यादी मिळते तिच्यात, आवाजाची पातळीही टाकून ठेवता येते.

डकिंग सगळ्यांनाच आवडतं असं नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने ते बंद करून टाकलंय. आलापी रंगात आली आणि नेमका फोन ‘बॅटरी वीस टक्के’ म्हणाला की तिच्या कपाळावर आठी येते. पण शिकत असाल तोवर ते चालूच ठेवा.

दुसरी गोष्ट भाषेची. स्क्रीन रीडरचा आवाज फक्त इंग्रजी ठेवला असेल तर देवनागरीत लिहिलेलं गाण्याचं नाव आलं की तो गप्प बसतो किंवा काहीतरी भलतंच बरळतो. गूगलच्या स्पीच इंजिनमध्ये मराठी आवाज आहे, तो आधी डाऊनलोड करा. आयफोनवर व्हॉइसओव्हरच्या स्पीच विभागात जाऊन मराठी रोटरमध्ये जोडा. पण मराठी आवाज लावला म्हणजे सुटलात असं नाही. ॲपमधली बरीच मराठी गाणी रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि ती वाचताना आवाज इंग्रजी वळणावर जातो. नाव ओळखू आलं नाही तर रीडिंग कंट्रोल, म्हणजे एका स्वाइपला किती वाचायचं ते ठरवणारी सोय, ‘अक्षर’ वर ठेवून एकेक अक्षर ऐका. टॉकबॅकमध्ये तीन बोटांनी वर किंवा खाली स्वाइप केलं की कंट्रोल बदलतो, आणि एका बोटाने वर-खाली केलं की त्यानुसार पुढे-मागे जाता येतं.

ॲपचा नकाशा बोटाने पाठ करा

स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, ॲपल म्युझिक या तिन्ही ॲपची मांडणी ढोबळमानाने सारखीच आहे. अगदी तळाशी टॅबची एक आडवी ओळ. तिच्यात होम आणि लायब्ररी या जागा कुठल्या ना कुठल्या क्रमाने असतात. सर्चही बहुधा तिथेच, पण काही ॲपमध्ये ते पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात असतं. गाणं चालू असेल तर या ओळीच्या जरा वर एक बारीक पट्टी येते, तिला मिनी प्लेअर म्हणतात. त्याच्या वरचा सगळा पडदा म्हणजे सुचवण्यांचा बाजार.

नवखा माणूस वरच्या डाव्या कोपऱ्यातून एकेक स्वाइप करत खाली यायला निघतो आणि त्या बाजारात हरवतो. एकेका आडव्या ओळीत दहा-वीस अल्बम, अशा ओळी कितीतरी. वीस स्वाइप झाले तरी आपण पहिल्याच ओळीत. म्हणून स्वाइप करतच बसू नका. बोट थेट पडद्याच्या तळाशी टेकवा आणि डावीकडून उजवीकडे सरकवा. टॅबची नावं ऐकू येतील. मग बोट किंचित वर घ्या, मिनी प्लेअर सापडेल. हे दहा-बारा वेळा करा. बोटाला जागा पाठ झाली की पेटीवर काळी चार न चाचपडता सापडते तसं होतं.

होमच्या पडद्यावरून जायचंच असेल तर रीडिंग कंट्रोल किंवा रोटर ‘हेडिंग’ वर ठेवा. ॲप नीट बनवलेलं असेल तर एका स्वाइपला एक अख्खी ओळ ओलांडता येते. हेडिंग सापडतच नसतील तर समजा की बनवणाऱ्याने ती दिलेलीच नाहीत. अशा वेळी अँड्रॉइडवर दोन बोटांनी, आयफोनवर तीन बोटांनी पडदा वर सरकवा. मी तर होमवर जातच नाही. सर्च आणि लायब्ररी एवढ्यावर माझं भागतं.

एक सूचना: गाणं चालू असताना मिनी प्लेअर स्वाइपच्या क्रमातून कधीकधी गायबच होतो. बोट ठेवलं तर सापडतो, स्वाइप केलं तर नाही. हा ॲपचा दोष आहे. तुम्ही बोट ठेवूनच शोधा.

गाणं शोधणं

ही पायरी डोळसांना सोपी आणि आपल्याला अवघड. त्यातली अर्धी अडचण स्क्रीन रीडरची आहे आणि अर्धी मराठी स्पेलिंगची.

एकच ज्ञानेश्वर ॲपमध्ये तीन प्रकारे सापडतात. कुणी त्यांचं रोमन स्पेलिंग ‘डी-एन-वाय’ ने सुरू करतं, कुणी ‘जे-एन’ ने, तर हिंदी वळणाचे ‘जी-वाय’ ने. ‘विठ्ठल’ मध्ये टी एक की दोन, ‘माझे’ मध्ये झेड की जे-एच, ‘नाट्यसंगीत’ एक शब्द की दोन, शेवटी ‘गीत’ मध्ये आय एक की दोन ई? डोळस माणूस चार निकालांवरून नजर फिरवतो आणि हवं ते उचलतो. आपल्याला प्रत्येक निकाल पूर्ण ऐकावा लागतो: गाण्याचं नाव, मग ‘गाणं’, मग गायक, मग अल्बम, मग एक बेनाव बटण.

माझा क्रम असा. आधी देवनागरीत शोधतो. नाही मिळालं तर रोमनमध्ये गायकाचं आडनाव आणि गाण्यातला स्पेलिंग न बदलणारा एखादा शब्द, एवढंच. पूर्ण ओळ टाकत नाही, कारण एका अक्षराने सगळं बिघडतं. तेही नाही जमलं तर गायकाच्या पानावर जाऊन अल्बम धुंडाळतो. मनासारखं रेकॉर्डिंग सापडलं की त्याच क्षणी ते लायब्ररीत किंवा प्लेलिस्टमध्ये टाकतो. पुन्हा शोधायची वेळच येऊ द्यायची नाही.

टाइप करण्याचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक वापरा. जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला, मराठी कळतं. फक्त कानात इयरफोन असू द्या. नाहीतर तुम्ही बोलायच्या आत टॉकबॅक जे बोलतो तेच माइक ऐकतो आणि शोधाच्या चौकटीत ‘डबल टॅप करा’ असं छापून येतं. मी अशा नावाचं गाणं शोधून पाहिलेलं आहे.

गूगल असिस्टंट २०१८ सालापासून मराठी समजतं. ‘अमुक गायकाचे अभंग लाव’ म्हटलं की काम होतं, पण बरोबर तेच रेकॉर्डिंग लागेल याचा भरवसा नाही. नेमकं गाणं हवं असेल तर सर्च, काहीही चालेल अशी संध्याकाळ असेल तर असिस्टंट.

निकालांच्या यादीतल्या एका बटणाकडे लक्ष द्या. प्रत्येक गाण्याच्या शेवटी तीन ठिपक्यांचं बटण असतं. चांगल्या ॲपमध्ये ते ‘अमुक गाण्यासाठी आणखी पर्याय’ असं बोलतं, वाईट ॲपमध्ये नुसतं ‘बटण’. रांगेत टाकणं, प्लेलिस्टमध्ये टाकणं, डाऊनलोड हे सगळं त्याच्याच पोटात असतं. काही ॲपमध्ये गाण्यावर बोट दाबून धरल्यावरच हा मेनू उघडतो. स्क्रीन रीडर चालू असताना त्यासाठी डबल टॅप करायचं आणि दुसऱ्या टॅपला बोट न उचलता तसंच धरून ठेवायचं.

प्लेअर, आणि त्याला टाळण्याचे मार्ग

आधी टाळण्याचे मार्ग सांगतो, कारण तेच जास्त उपयोगी आहेत.

दोन बोटांनी डबल टॅप: आयफोनवर कुठल्याही पडद्यावर असलात तरी गाणं थांबतं किंवा सुरू होतं. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनांवरही टॉकबॅकमध्ये हीच खूण चालते. ही एक खूण आली तरी प्लेअर उघडण्याची गरज अर्ध्यावर येते.

इयरफोनचं बटण: वायरच्या इयरफोनवर बहुधा एकदा दाबलं की थांब-सुरू, दोनदा दाबलं की पुढचं गाणं, तीनदा दाबलं की मागचं. ब्लूटूथवाल्यांचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात, पुस्तिका कुणाकडून तरी वाचून घ्या. स्पर्शाने चालणाऱ्या इयरबडपेक्षा खरंखुरं दाबलं जाणारं बटण असलेले घ्या, असं माझं मत आहे. केस कानामागे सारताना गाणं बदललं म्हणजे वैताग येतो.

नोटिफिकेशनमधला प्लेअर: गाणं चालू असताना नोटिफिकेशनच्या पडद्यावर आणि लॉक स्क्रीनवर एक छोटा प्लेअर येतो. तो फोनच्या सिस्टिमकडून मांडला जातो. त्यामुळे ॲपच्या आत बटणं बेनाव असली तरी इथे थांबवा, पुढचं, मागचं ही बटणं बहुतेक वेळा नीट बोलतात. टॉकबॅकमध्ये एका बोटाने उजवीकडे आणि तसंच खाली वळवलं की नोटिफिकेशन उघडतात. काकांना मी सगळ्यात आधी हेच शिकवलं.

आता प्लेअर. मिनी प्लेअरवर डबल टॅप केलं की तो पूर्ण उघडतो. आंतरराष्ट्रीय वेब मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, एक कलम आहे ४.१.२. त्याचं म्हणणं एवढंच की पडद्यावरच्या प्रत्येक घटकाने तीन गोष्टी कळवल्या पाहिजेत: नाव, भूमिका आणि सध्याची अवस्था. शफल म्हणजे गाणी क्रम मोडून लावायची सोय. तिथे ‘शफल, बटण, चालू’ हे बरोबर. नुसतं ‘बटण’ म्हणजे नाव गेलं. ‘शफल, बटण’ म्हणजे अवस्था गेली, आणि शफल चालू झालं की बंद झालं हे कळायला तुम्हाला तीन गाणी ऐकावी लागणार. ‘शफल’ एवढंच बोललं तर ते दाबता येतं हेच कळत नाही. अडलं की या तिघांतलं काय गायब आहे ते बघा. तक्रार करतानाही हेच शब्द कामाला येतात.

बेनाव बटणाला आपण स्वतः नाव देऊ शकतो. मात्र ते कोणतं बटण आहे याची आधी खात्री हवी. एखादा डोळस माणूस शेजारी असेल तर दोन मिनिटांचं काम. नसेल तर दाबून पाहा, काय होतं ते ऐका. पण जपून. मी एकदा ‘पुढचं गाणं’ समजून जे बटण दाबत होतो ते ‘हे गाणं आवडलं नाही’ निघालं. महिनाभर ते ॲप माझ्यासमोर लावण्या सोडून सगळं आणत होतं.

नाव देण्याची पद्धत अशी:

१. टॉकबॅकमध्ये बेनाव बटणावर फोकस आणा, म्हणजे स्वाइप करून किंवा बोट ठेवून ते बटण बोलतं करा.
२. तीन बोटांनी एकदा टॅप करून टॉकबॅक मेनू उघडा. जुन्या फोनवर एका बोटाने खाली आणि तसंच उजवीकडे वळवा.
३. लेबल जोडण्याचा पर्याय शोधा, नाव टाइप करा आणि सेव्ह करा.

आयफोनवर बटणावर फोकस आणून दोन बोटांनी डबल टॅप करा आणि दुसऱ्या टॅपला बोटं धरून ठेवा. नाव टाकायची चौकट उघडते. बोटं लवकर उचललीत तर चौकटीऐवजी गाणं सुरू होईल. घाबरू नका, पुन्हा करा.

टॉकबॅकच्या मेनूत लेबलचा पर्यायच दिसला नाही तर ती तुमची चूक नाही. ॲप बनवताना त्या बटणाला आतून ओळखक्रमांक दिलेला नसेल तर टॉकबॅक लेबल कशाला चिकटवणार? अशा वेळी टॉकबॅकमधली आपोआप वर्णनाची सोय चालू करून पाहा. ती चित्रावरून ‘प्ले’, ‘हार्ट’ असे नेहमीचे आयकॉन ओळखते. आयफोनवर ‘स्क्रीन रेकग्निशन’ आहे, २०२० साली आयओएस १४ बरोबर आलेलं. ते पूर्ण पडदा बघून बटणं कुठे आहेत याचा अंदाज बांधतं. दोन्ही अंदाजच आहेत, अंदाज चुकतातही. आणि स्क्रीन रेकग्निशन ज्या ॲपला लागतं त्याच ॲपपुरतं चालू ठेवा. चांगल्या ॲपमध्ये ते चालू राहिलं तर असलेली नीट लेबलंही बिघडवतं.

आता ते सदतीस टक्के. ती गाण्याची पट्टी, म्हणजे स्लायडर. तिच्यावर फोकस आणून एका बोटाने वर-खाली स्वाइप केलं की गाणं पुढे-मागे सरकतं. अँड्रॉइडवर आवाजाच्या बटणांनीही सरकतं. अडचण अशी की ही पट्टी वेळ सांगायच्या ऐवजी टक्के सांगते आणि टक्क्यांनीच सरकते. एका झटक्याला पाच टक्के धरले तर चार मिनिटांच्या भावगीतात ते बारा सेकंद, ठीक आहे. तीन तासांच्या कीर्तनात तेच पाच टक्के म्हणजे नऊ मिनिटं. पूर्वरंगातला एक दृष्टांत परत ऐकायचा तर थेट नमनाला जाऊन पोचता. यावर मला सापडलेले मार्ग दोन. ॲपमध्ये दहा किंवा पंधरा सेकंद मागे-पुढे जाण्याचं बटण असेल तर ते. हे बटण बहुधा पॉडकास्टला असतं, गाण्याला नसतं. नाहीतर पट्टीवर डबल टॅप करून बोट धरून ठेवायचं आणि हळूहळू आडवं सरकवायचं. हाताला सवय लागेपर्यंत हे त्रासाचं आहे, पण जमतं.

सरकत्या शब्दांचा, म्हणजे लिरिक्सचा भाग प्लेअरच्या खाली उघडा असेल तर तो बंद करा. गाण्याबरोबर ओळ बदलली की काही ॲप फोकस तिकडे ओढून नेतात आणि तुम्ही ‘थांबवा’ वर टॅप करता करता भलत्याच ओळीवर टॅप होतो.

प्लेलिस्ट लावणं

गाणं प्लेलिस्टमध्ये टाकणं जमतं. टाकल्यावर ‘जोडलं’ असा संदेश दोन सेकंद पडद्यावर येऊन जातो, तो प्रत्येक ॲपमध्ये वाचला जात नाही. खात्री हवी तर प्लेलिस्ट उघडून शेवटचं गाणं बघा.

क्रम बदलणं मात्र जुन्या दुखण्यासारखं आहे. डोळस माणूस गाणं धरतो आणि वर ओढतो. आयफोनवर काही ॲपमध्ये गाण्यावर फोकस असताना रोटरच्या ‘क्रिया’मध्ये ‘वर हलवा’ मिळतं, काही अँड्रॉइड ॲपमध्ये टॉकबॅक मेनूतल्या क्रियांमध्ये. ते नसेल तर मी ओढाताण करत बसत नाही. नवी प्लेलिस्ट करतो आणि हव्या त्या क्रमाने एकेक गाणं टाकतो. दहा गाण्यांना पाच मिनिटं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये २.५.७ हे कलम आहे: ओढून करायची प्रत्येक गोष्ट नुसत्या टॅपनेही करता आली पाहिजे. लिहून ठेवा, तक्रारीत लागेल.

मधेच उगवणाऱ्या पाट्या आणि पैसे

फुकट वापरत असाल तर मधूनच पूर्ण पडदाभर जाहिरात येते. ती बंद करायची फुली वरच्या एखाद्या कोपऱ्यात असते आणि बरेचदा बेनाव असते. शोधत बसू नका. टॉकबॅकमध्ये एका बोटाने खाली आणि तसंच डावीकडे वळवा, म्हणजे ‘मागे’. आयफोनवर दोन बोटांनी झेडच्या आकारात पटपट घासा. बहुतेक पाट्या याने जातात.

पैसे भरायचे ठरवलंत तर एक काम आधी करा: वर्गणी रद्द करण्याचं पान स्क्रीन रीडरने सापडतं का ते बघा. पैसे भरायचं बटण कुठल्याही ॲपमध्ये सुरेख लेबल लावलेलं असतं. रद्द करायचं बटण सापडलं नाही तर, सोय असेल तिथे, प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमार्फत वर्गणी घ्या. तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून ती बंद करणं सोपं पडतं. आणि पिन टाकताना इयरफोन लावा, हे सांगायला नको.

संगणकावर

ज्यांना कीबोर्डची सवय आहे त्यांनी वेब प्लेअर जरूर वापरून पाहावा. मोबाइलपेक्षा मला तो जास्त आवडतो, शोधाशोध तर मी तिथेच करतो आणि ऐकतो फोनवर. एनव्हीडीए फुकट आहे. ब्राउझरमध्ये एच दाबून हेडिंग, बी दाबून बटण, डी दाबून पानाचा पुढचा विभाग गाठता येतो. प्लेअरची पट्टी बहुधा पानाच्या अगदी शेवटी असते. म्हणून कंट्रोल-एंड दाबायचं आणि मग शिफ्ट-बी ने उलटं यायचं. स्लायडरवर बाण चालत नसतील तर एनव्हीडीए-स्पेस (एनव्हीडीएची की म्हणजे बहुधा इन्सर्ट) दाबून फोकस मोडमध्ये जा, म्हणजे बाण थेट स्लायडरला पोचतील. कीबोर्डवर गाणं थांबवायचं स्वतंत्र बटण असेल तर ते यातल्या कशाशिवायही चालतं.

डकिंग इथे एनव्हीडीए-शिफ्ट-डी ने बदलतं. ते फक्त संगणकावर इन्स्टॉल केलेल्या एनव्हीडीएमध्ये चालतं, पेनड्राइव्हवरून चालवलेल्यात नाही. २०२४.२ या आवृत्तीपासून आणखी एक गंमत आहे: एनव्हीडीए-ऑल्ट-एस दाबलं की एनव्हीडीए एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात. गाणी शोधताना फार उपयोगी. ऐकताना मात्र बंद करा, नाहीतर तबला एकीकडे आणि पेटी बेपत्ता.

अपडेट आणि तक्रार

काल चालणारं बटण आज बेनाव झालं तर रात्रीत अपडेट आलेलं असतं. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर तीन ठिपक्यांच्या मेनूत आपोआप अपडेटची खूण असते, ती काढून टाका. ओळखीच्या दुसऱ्या स्क्रीन रीडरवाल्याने नवी आवृत्ती वापरून बरी आहे म्हटलं की मगच अपडेट करा. पण महिनोन्‌महिने लांबवू नका. खूप जुनी आवृत्ती एक दिवस चालायचीच बंद होते.

तक्रार करताना ‘ॲप अंधांना वापरता येत नाही’ असं लिहिलं तर ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहा:

“फोन अमुक, अँड्रॉइड आवृत्ती अमुक, टॉकबॅक आवृत्ती अमुक, तुमच्या ॲपची आवृत्ती अमुक. गाणं लावलं, मिनी प्लेअरवर डबल टॅप केलं, मग उजवीकडे स्वाइप केलं. ‘बटण’ एवढंच ऐकू आलं. तिथे ‘शफल, बटण, बंद’ असं ऐकू यायला हवं. डब्ल्यूसीएजी ४.१.२. दर वेळी असंच होतं.”

एका तक्रारीत एकच दोष. टॉकबॅकच्या आवाजासकट केलेलं अर्ध्या मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडता आलं तर उत्तम. दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्क्रीन रीडर कधी ऐकलेलाच नसण्याची शक्यता असते. इंग्रजीत लिहिलं तर लवकर पोचतं, पण हीच रचना ठेवा.

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याच्या ४२व्या कलमात माहिती आणि संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. तो खटला मुख्यतः ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचा होता, गाण्यांचा नव्हे, पण तक्रारीच्या शेवटी एक ओळ लिहायला हरकत नाही. तरी माझा अनुभव असा की पहिल्याच पत्रात कायदा काढला तर ते पत्र वकिलाच्या टेबलावर जातं, प्रोग्रॅमरच्या नाही. आधी दोनदा साधं लिहा.

काही आठवड्यांनी ‘दुरुस्ती केली आहे, तपासा’ असं उत्तर येईल, कधीकधी येतंही. तपासण्याआधी त्या बटणाला तुम्ही स्वतः दिलेलं लेबल काढून टाका. नाहीतर तुम्हाला तुमचंच नाव ऐकू येईल आणि त्यांनी खरोखर काही केलं की नाही ते कळणारच नाही.